टीव्ही आला, टॅब आले, तरी मागच्या ओळीतली मुलं गप्प का?

सर, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. शाळा जिल्हा परिषदेची, द्विशिक्षकी. तिसरी, चौथी आणि पाचवी एकाच खोलीत, तुमच्याकडे. गावानं लोकवर्गणी काढून मोठा स्मार्ट टीव्ही घेतला, एका संस्थेनं काही टॅब दिले. सुरुवातीला मुलं हरखून गेली. आता टीव्हीवर पाठ लागला की पुढची चार मुलं बघतात आणि मागची खिडकीबाहेर. तुम्ही तारे, शिक्के, बिल्ले सुरू केले, तर ते ज्यांना आधीच येतं त्यांनाच मिळतात. पाचवीची दोन-तीन मुलं घरच्या मोबाइलवर एआयला विचारून गृहपाठ उतरवून आणतात. आणि तुम्ही विचारता की कमी कशाची पडते, प्रेरणेची की तंत्रज्ञानाची?

माझ्या मते दोन्हीची नाही. तुमच्या मागच्या ओळीतल्या मुलाला रोज पाच तास, त्याला न येणारी गोष्ट समोर येते. काल फळ्यावर येत होती, आज टीव्हीवर येते. शिकण्याची ओढ आधी आणि जमणं नंतर, असं आपण धरून चालतो. वर्गात मी पाहिलंय ते बहुतेक वेळा उलटं. काहीतरी जमतं, आपल्याला जमलं हे त्या मुलाला स्वतःला कळतं, आणि मग ते पुढचं मागायला येतं. तेव्हा पहिला प्रश्न उपकरणाचा नाही. कोणत्या मुलाचं नेमकं कुठे अडलंय, हा आहे.

गणितातलं एकच उदाहरण घेते, कारण तिसरी-चौथीत मुलं इथेच सुटतात. हातच्याची वजाबाकी. ५२ वजा २७ हे उदाहरण पाटीवर द्या. बरोबर उत्तर २५. मागच्या ओळीतल्या बऱ्याच पाट्यांवर ३५ दिसेल. आपण फुली मारतो, पुन्हा समजावतो, व्हिडिओ लावतो. पण ३५ हे उत्तर दोन अगदी वेगळ्या चुकांतून येतं. एक मूल एककात दोनातून सात जात नाहीत म्हणून उलटं करतं, सातातून दोन काढतं, पाच लिहितं. दशकात पाचातून दोन, तीन. दुसरं मूल हातचा बरोबर घेतं, बारातून सात काढून पाच लिहितं, पण दशकातला एक कमी करायला विसरतं. त्याचंही उत्तर ३५. पहिल्याला दशक म्हणजे काय हेच कळलेलं नाही, त्याला काड्यांचे गठ्ठे हातात हवेत. दुसऱ्याला सगळं कळलंय, त्याची फक्त मांडणीची सवय कच्ची आहे. दोघांना एकच व्हिडिओ दाखवला तर पहिल्याला तो डोक्यावरून जातो आणि दुसरा कंटाळतो.

आता ५२च्या जागी ५३ द्या. उलटं करणाऱ्याचं उत्तर येईल ३४, दशक कमी करायला विसरणाऱ्याचं ३६, बरोबर उत्तर २६. एक आकडा बदलला आणि तीन गट आपोआप वेगळे झाले. एककातल्या अंकांत पाचाचा फरक असेल तर या दोन चुका एकमेकींत लपतात. हे प्रशिक्षणात कुणी सांगत नाही, पाट्या बघता बघता कळतं. आणि तरीही प्रत्येक वेळी विचारायचंच, "कसं केलंस, मला सांग." मूल बोलायला लागलं की अर्धं निदान तिथेच होतं.

तुमच्या टीव्हीचा सगळ्यात चांगला उपयोग मला इथे दिसतो. मोबाइल टीव्हीला जोडा. तीन-चार पाट्यांचे फोटो काढा, कुणाची पाटी आहे ते दिसणार नाही असे, आणि पडद्यावर शेजारी शेजारी लावा. "यातलं कोणतं उत्तर तुम्हाला पटतं आणि का?" एवढंच विचारून गप्प बसा. खिडकीबाहेर बघणारं पोर मान वळवतं, कारण पडद्यावर त्याचं अक्षर आहे. मग दोघं वाद घालतात, तिसरा गठ्ठे घेऊन फोडून दाखवतो. बाहेरून आणलेला कुठलाही ॲनिमेशनचा पाठ मला इतकं बोलणं घडवून आणताना दिसलेला नाही. खर्च शून्य, तयारी दोन मिनिटांची.

वाचनाचंही तसंच. तुमच्या पाचवीत शब्दांवर अडखळणारी मुलं असतील, त्यात तुमचा दोष मानू नका. मुलांना कितपत वाचता येतं आणि गणित येतं हे तपासणाऱ्या २०२४च्या ‘असर’ पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातली तिसरीची सुमारे २७ टक्के मुलंच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकली. केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान २०२१च्या जुलैमध्ये सुरू झालं ते याच दुखण्यावर. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि पायाभूत गणित यावं, हे २०२६-२७पर्यंतचं उद्दिष्ट. पण अभियान तिसरीपर्यंतचं आणि तुमचं मूल तर पाचवीत पोचलंय! त्याच्यासाठी रोजचा एक तास वेगळा काढावाच लागतो. त्या तासाला इयत्ता विसरायची. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा पायऱ्यांवर मुलं बसवायची. पाचवीचं मूल तिसरीच्या मुलाशेजारी बसलं तरी चालेल. फक्त गटाला ‘कच्ची मुलं’ असं नाव पडू देऊ नका, आणि दर महिन्याला गट बदला, म्हणजे वर सरकता येतं हे सगळ्यांना दिसतं.

ही पद्धत ‘प्रथम’ नावाच्या संस्थेनं रुजवली, जिची सुरुवात १९९४-९५च्या सुमारास मुंबईतल्या वस्त्यांमधून झाली. मुंबई आणि वडोदऱ्यात २००१ ते २००३ या काळात बालसखी उपक्रमाचा बारकाईनं अभ्यास झाला. वस्तीतलीच एखादी शिकलेली मुलगी मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास वेगळं बसवून शिकवायची, आणि त्या शाळांतल्या मुलांचे गुण वाढले. त्या अभ्यासातले अभिजीत बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना २०१९मध्ये मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. याच अभ्यासात वडोदऱ्याच्या चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास संगणक दिला होता, एका संगणकावर दोन मुलं, गणिताचे खेळ. गणित चांगलंच सुधारलं. खेळ सोडवणाऱ्याच्या तयारीप्रमाणे सोपे-अवघड होत जायचे.

त्याच्या शेजारी पेरू देशाचा अनुभव ठेवा. तिथे सरकारनं ग्रामीण शाळांतल्या मुलांना ‘प्रत्येक मुलाला लॅपटॉप’ योजनेखाली लाखो लॅपटॉप वाटले. साधारण सव्वा वर्षानं तपासलं तेव्हा गणितात आणि भाषेत काही फरक सापडला नाही. यंत्र मुलाच्या हातात होतं, पण त्या मुलाला आज काय शिकायचंय याच्याशी यंत्राचा संबंध जोडलेला नव्हता. आणि दिल्लीत, मुख्यतः सहावी ते नववीच्या मुलांना शाळेनंतर माइंडस्पार्क हे सॉफ्टवेअर आणि सोबत छोट्या गटात शिकवणी मिळाली, तेव्हा साडेचार महिन्यांत गणितात आणि हिंदीत स्पष्ट प्रगती झाली. तिथे आधी चाचणी घेतली होती, आणि सहावीची मुलं गणितात सरासरी अडीच वर्षं मागे निघाली. सॉफ्टवेअरनं त्यांना सहावीचं शिकवलंच नाही, ती जिथे होती तिथून शिकवलं. मला या अभ्यासातलं सगळ्यात अस्वस्थ करणारं निरीक्षण वेगळंच वाटतं. ज्यांना ही सोय मिळाली नाही, त्यांच्यातल्या तळाच्या एक-तृतीयांश मुलांची त्या काळात जवळजवळ काहीच प्रगती दिसली नाही. ती शाळेत जातच होती. अभ्यासक्रम त्यांच्या डोक्यावरून पुढे निघून जात होता. तुमची खिडकीबाहेर बघणारी मुलं तीच आहेत, सर.

आता ताऱ्यांबद्दल. १९७३मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. बालवाडीतली, चित्रं काढायला मुळातच आवडणारी मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल. काहींना चित्र काढून झाल्यावर अचानक दिलं, काहींना काहीच नाही. पुढे मोकळ्या वेळात पाहिलं, तर आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुलं रंगांकडे बाकीच्यांच्या निम्माच वेळ वळत होती. अचानक मिळालेल्यांवर तसा परिणाम नव्हता. म्हणून तक्त्यावरचे तारे मी कधीच काढून टाकले असते. कौतुक मात्र भरपूर करा, आणि नेमकं करा. "हुशार आहेस" यापेक्षा "आज तू हातचा घेतल्यावर दशक खोडून नवा लिहिलास, म्हणून चुकला नाहीस" हे जास्त उपयोगी. यातून मुलाला उद्या काय करायचं ते कळतं. हुशार म्हटलेलं मूल अवघड उदाहरणाला हात घालायला कचरतं, हुशारीवर डाग पडेल म्हणून. म्युलर आणि ड्वेक यांच्या १९९८च्या प्रयोगांत हेच दिसलं होतं. मात्र "प्रयत्नानं मेंदू वाढतो" अशी पोस्टर भिंतीवर लावून फारसं काही होत नाही. अमेरिकेत हजारो मुलांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात त्या विचाराचा परिणाम दिसला, पण छोटा.

ताऱ्यांच्या जागी एक गोष्ट करून बघा. जून-जुलैत प्रत्येक मुलाचं मिनिटभर वाचन मोबाइलवर रेकॉर्ड करा. दिवाळीच्या सुट्टीआधी तोच उतारा पुन्हा वाचून घ्या आणि दोन्ही त्याला एकट्याला ऐकवा. पहिल्यात ते ‘स-का-ळी’ असं तोडून वाचत असतं, दुसऱ्यात ओळ सलग जाते. माझ्याकडच्या एका मुलीनं स्वतःचा जुना आवाज तीनदा ऐकला आणि विचारलं, "बाई, ही खरंच मीच आहे का?" त्या आठवड्यात ती वाचनपेटीतली पुस्तकं घरी न्यायला लागली. दुसऱ्याशी तुलना नाही, नंबर नाही, तिचाच कालचा आवाज आणि आजचा. ही रेकॉर्डिंग पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नका. त्या मुलाच्या आईला, वडिलांना मात्र शाळेत बोलावून जरूर ऐकवा.

पालकांचा विषय निघालाच आहे तर एक बोलते. टीव्ही बऱ्याच गावांत पट टिकवायला आला आहे, हे आपण सगळे जाणतो. शेजारच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेची बस दारात येते, मग गाव म्हणतं आपलीही शाळा डिजिटल करू. त्या लोकवर्गणीमागची माया खरी आहे, तिचा मान ठेवा. पण पालकसभेत टीव्ही चालू करून दाखवण्याऐवजी चार मुलांना उभं करून न पाहिलेला मजकूर वाचायला द्या. आपलं मूल घडाघड वाचतंय हे पाहिलेला बाप मुलाचं नाव शाळेतून सहसा काढत नाही.

आपल्याकडे शाळा मुलाकडे नेण्याची परंपरा जुनी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे काम कोसबाडला गेलं. गुरं राखणारी आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत, तर शिक्षकच कुरणात जाऊन तिथे शिकवू लागले, ती कुरणशाळा. साहित्य काय, तर बिया, पानं, खडे. आमच्या बीडकडे दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेली मुलं उन्हाळ्याच्या तोंडावर परततात, तेव्हा मला कुरणशाळेची आठवण होते. त्या मुलांना पहिल्या दिवशी चालू पाठावर बसवलं की ती कायमची गप्प होतात. पहिला आठवडा त्यांच्या ओळखीच्या जमिनीवरून सुरू करा. कोयता, मोळी, गाडीचं वजन, टनाचा भाव यांत इतकं गणित आहे की वर्गातली बाकीची मुलं त्यांच्याकडून शिकतात. डेसी आणि रायन या संशोधकांनी प्रेरणेच्या मुळाशी तीन गरजा सांगितल्या आहेत: आपलं आपण ठरवता येणं, जमणं, आणि आपण कुणाचे तरी आहोत असं वाटणं. परतलेल्या मुलाला तिसरी गोष्ट सगळ्यात आधी लागते.

एआयचं काय करायचं? तुमची काळजी रास्त आहे. त्याच २०२४च्या ‘असर’मध्ये १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता, त्यांतल्या ५७ टक्क्यांनी आधीच्या आठवड्यात तो काहीतरी अभ्यासासाठी वापरला होता, आणि ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. तुमची मुलं लहान आहेत, पण मोबाइल त्याच घरातला. तुर्कस्तानात सुमारे हजार मुलांवर झालेला एक प्रयोग मी प्रत्येक शिक्षण परिषदेत सांगते. गणिताचा सराव करताना एका गटाला साधं एआय दिलं, दुसऱ्याला उत्तर न सांगता फक्त इशारे देणारं, तिसऱ्याला फक्त पुस्तक आणि वही. सरावात साध्या एआयवाल्यांचे गुण ४८ टक्क्यांनी जास्त, इशारेवाल्यांचे १२७ टक्क्यांनी. मग एआय काढून घेऊन परीक्षा घेतली. साधं एआय वापरलेली मुलं कधीच न वापरलेल्यांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडली. इशारेवाल्यांचं नुकसान झालं नाही, पण सरावातली ती मोठी आघाडीही परीक्षेत उरली नाही.

म्हणून गृहपाठ तपासण्यात वेळ घालवू नका. सकाळी परिपाठानंतर दहा मिनिटं वह्या बंद, पाट्या बाहेर. काल घरी दिलेल्यातलंच एक उदाहरण, आठवड्यापूर्वीचं एक, महिन्यापूर्वीचं एक. गुण नाहीत, रजिस्टर नाही. आठवून लिहिण्याची ही सवय पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा जास्त टिकते. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६च्या प्रयोगात पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्यानं विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. आणि पाटीवर रोज लिहायचंच आहे म्हटल्यावर मोबाइलमधून उतरवण्यात मुलांना काही फायदा उरत नाही.

तुम्ही स्वतः मात्र एआय जरूर वापरा. दशकस्थानी शून्य असलेली वजाबाकीची वीस उदाहरणं काढून दे म्हटलं की क्षणात मिळतात, उत्तरं एकदा पडताळा. वाचनासाठी जोडाक्षरं नसलेला उतारा मागितला तर तो प्रत्येक वेळी नीट मिळत नाही, मध्येच ‘प्रकाश’ किंवा ‘स्वच्छ’ घुसतं, मराठीही कधी कधी भाषांतरासारखी येते. तो मुलांसमोर ठेवण्याआधी मोठ्यानं वाचा आणि आपल्या गावचा करा.

क्यूआर कोड आणि ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक ॲपबद्दल थोडक्यात. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२०चं ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, त्यामागे पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडचं काम होतं, हे तुम्हाला माहीत आहेच. २०१७पासून दीक्षावर मराठीत पुष्कळ सामग्री आहे. ती लावताना सलग लावू नका. दोन मिनिटं चालवा, थांबवा, "पुढे काय होईल?" विचारा, पाटीवर लिहून घ्या, मग पुढे. बर्फ वितळताना, फूल उमलताना, समुद्राची भरती, असं जे वर्गात दाखवता येत नाही त्यासाठी पडदा ठेवा. काड्यांच्या गठ्ठ्याचा व्हिडिओ दाखवायला नको, काड्या बाहेर पडलेल्या आहेत.

२०१५मध्ये प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रम आला तेव्हा साताऱ्याच्या कुमठे बीटमधले, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटातले, ज्ञानरचनावादी (मुलं स्वतः करून शिकतात असे) वर्ग बघायला राज्यभरातून शिक्षक गेले. परत येऊन अनेकांनी तिथल्यासारख्या आपल्या वर्गांच्या फरशा रंगवल्या. जिथे मुलं त्या फरशीवर बसून रोज काही करत राहिली तिथे फरक पडला. जिथे फरशीचा फोटो पाठवून काम झालं तिथे रंग तेवढा उरला. टीव्हीचंही तसंच होऊ शकतं. ऑनलाइन माहिती, फोटो, लिंका यांचा ताण किती आहे हे मी रोज अनुभवते, पण मुलं पाटीवर लिहीत असताना मध्येच फोटोसाठी थांबवू नका. तास संपल्यावर काढा.

सुरुवात कशी करायची तेही सांगते. येत्या आठवड्यात टीव्ही बंदच राहू द्या. प्रत्येक मुलाला एकेकटं जवळ घेऊन एक परिच्छेद वाचून घ्या आणि ५३ वजा २७ करायला द्या. एका वहीत नाव, वाचनाची पायरी, वजाबाकीचं उत्तर, एवढंच लिहा. जोडीदार शिक्षकाला तेवढ्यापुरता वर्ग सांभाळायला सांगा. त्यानंतरच्या सोमवारपासून दुपारच्या सुट्टीनंतरचा पहिला तास पायऱ्यांच्या गटांचा. तुम्ही अक्षर-शब्द गटाजवळ बसायचं, कारण त्यांना माणूस लागतो. टॅब परिच्छेद आणि गोष्ट गटाला, दोघांत एक, कारण दोघं असली की बोलतात. टॅबवर गणिताचा एक आणि वाचनाचा एक असे दोनच ॲप ठेवा, जे इंटरनेटशिवाय चालतात आणि चुकलं तर सोपं उदाहरण देतात; बाकीचे काढून टाका. काय वाचायचं ते त्या मुलांना तीन गोष्टींतून स्वतः निवडू द्या. चार्जिंग, पुसणं, मोजून कपाटात ठेवणं पाचवीकडे सोपवा, आणि त्यात मागच्या ओळीतल्या मुलांची नावं पहिली घाला.